अर्धा इंच माया

एक सोप्पा प्रश्न विचारते. तुमच्या कपाटात असा एक तरी कपडा आहे का, जो फक्त तुमच्या मापाने बेतलाय? म्हणजे एस-एम-एल-एक्सएल अशा खोक्यांत बसवलेला नाही, तर कुणीतरी टेप घेऊन तुमच्या खांद्याला लावली, वहीत आकडा लिहिला आणि मगच कात्री उचलली, असा?

मुलींनो, तुमचं उत्तर मला माहितीये. ब्लाउज! जीन्स ब्रँडेड, कुर्ती सेलमधली, टॉप ऑनलाइन... पण साडीवरचा ब्लाउज अजूनही कोपऱ्यावरच्या टेलरबाईंकडेच. त्या कितीही 'उद्या या' म्हणू देत, आपण उद्या जातो. मुलांनो, तुमचं उत्तर बहुतेक 'लग्नातली शेरवानी' हे असणार. आणि तीही भाड्याची असेल तर मग विषयच संपला.

आता दुसरा प्रश्न. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये चेन वर जात नाही तेव्हा तुम्ही मनात काय म्हणता? 'मी जाड झाले.' बरोबर? कपड्याचं चुकलं असेल, असं आपल्या डोक्यातसुद्धा येत नाही. खरं तर आपली मराठी याबाबतीत फार शहाणी आहे. आपण म्हणतो, 'हा ड्रेस मला होत नाही.' होत नाही तो ड्रेस! व्याकरणाने सगळा दोष कापडावर ढकललाय, मला नाही. इंग्लिशमध्ये मात्र माणूसच कपड्यात 'फिट' व्हायला बघतो. आपण बोलतो मराठीत आणि ट्रायल रूममध्ये रडतो इंग्लिशमध्ये.

हे सगळं आज का सुचतंय? कारण गेले काही महिने मी त्या ट्रायल रूमची रेग्युलर कस्टमर होते. माझी लेक आता दीड वर्षाची आहे. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी मॅटर्निटी रजा मिळते (पहिल्या दोन मुलांसाठी). माझ्यासारख्या फ्रीलान्सरची रजा म्हणजे काम बंद, पैसे बंद. त्यामुळे लेक चार महिन्यांची झाल्यावर मी परत मीटिंगा आणि इंटरव्ह्यू सुरू केले आणि लक्षात आलं, घालायला काही नाहीये! म्हणजे कपाट भरलेलं, पण खांदे 'एम', छाती 'एक्सएल', पोट कुठल्याच अक्षरात नाही. त्यात बाळाला दूध पाजता येईल असा कुर्ता मागितला, की दुकानदार नाइट गाऊनच्या रॅककडे बोट दाखवणार. आई झालेल्या बाईला ऑफिसला जायचं असतं, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही बहुतेक.

दिवाळीनंतर आठ दिवस आत्याकडे गेले होते. टेंभुर्णीला. थांबा, पुणेकरांच्या डोळ्यांपुढे लगेच सोलापूर हायवे आणि चहाला थांबलेली एसटी आली असेल. ती टेंभुर्णी माढा तालुक्यातली. माझ्या आत्याची टेंभुर्णी जालना जिल्ह्यात, जाफ्राबाद तालुक्यात. संभाजीनगर, मग जालना आणि तिथून पुढे दुतर्फा कापूस. नोव्हेंबरात तर रस्त्याच्या कडेच्या बाभळींनाही कापूस चिकटलेला असतो, गाड्यांतून उडालेला. गंमत म्हणजे याच गावातल्या कापडदुकानात कापड येतं ते इचलकरंजीचं, मालेगावचं, सुरतेचं. कापूस इथून जातो आणि महाराष्ट्र-गुजरात फिरून, रंग लावून, भाव वाढवून परत येतो. शिकायला बाहेर गेलेल्या पोरांसारखंच हे!

आत्याच्या घरी ओसरीत पायमशीन आहे. काळं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली. त्यावर तिने तीन मुलांचे, म्हणजे माझ्या दोन आतेभावांचे आणि आतेबहिणीचे, दहावीपर्यंतचे कपडे शिवले. एकाच ताग्यातून दोन शर्ट आणि एक फ्रॉक निघायचा. दिवाळीच्या फोटोत तिघंही एकाच डिझाइनचे पडदे लावल्यासारखे दिसतात. आता हीच तिघं तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि खाली 'व्हिंटेज' लिहितात.

मी लेकीसाठी ऑनलाइन मागवलेले फ्रॉक तिने हातात घेतले आणि आधी काय केलं असेल? उलटे केले! किंमत नाही, ब्रँड नाही, रंगसुद्धा नाही. आतली शिवण बघितली आणि म्हणाली, "माय गं, यात मायाच नाही."

मला क्षणभर कळेना. माझी माया काढायली का ही? मग तिने शिवण चिमटीत धरून दाखवली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपीकामात 'माया' म्हणतात. बेतताना मापापेक्षा अर्धा इंच, इंचभर जास्त कापायचं, ते आत दुमडलेलं राहतं. अंग भरलं, पोर वाढली, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. कपडा मोठा! रेडिमेडमध्ये हे जमत नाही, कारण तिथे ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवताच कडेचं कापड छाटून टाकतं. उरते जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही कमी पट्टी. एका कपड्यामागे ते चिमूटभर कापड, पण लाखभर कपड्यांत ताग्यांवर तागे वाचतात. कंपनीच्या दृष्टीने हिशोब बरोबरच आहे. फक्त कपडा मोठा होत नाही, मूल होतं.

"पोरगी काय आज हाय तेवढीच ऱ्हाणार का?" आत्या म्हणाली. यालाच जुन्या बायका 'वाढत्या अंगाचं शिवणं' म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या लहानपणीच्या फोटोत कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या असतात ना, ते हेच. तेव्हा लाज वाटायची, पण त्यामागे एक चोख शास्त्र आहे. दोन ते पाच वर्षांच्या वयात मूल दर वर्षी साधारण ६ ते ८ सेंटिमीटर उंच होतं, पण रुंदीला फार कमी वाढतं. म्हणजे फ्रॉक आखूड पडतो, घट्ट नाही. मग करायचं काय? घेराला खाली तीन बोटं दुमड ठेवायची. दुमडीच्या वर दोन आडव्या टका घालायच्या, त्या डिझाइनसारख्या दिसतात आणि एकेका वर्षी एकेक उसवत जायची. खांद्याचे पट्टे लांब ठेवून त्यांना दोन बटणं लावायची, आज वरचं, पुढच्या वर्षी खालचं. आणि एवढं करूनही फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाच, तर खाली पायजमा घालायचा आणि त्याला कुर्ती म्हणायचं. आत्याच्या मते एक फ्रॉक तीन दिवाळ्या काढतो. माझ्या ऑनलाइन फ्रॉकने तीन महिने काढले होते.

तान्ह्या बाळाचं शिवण तर आणखीनच वेगळं. झबलं, टोपडं, कुंची, दुपटं... ही लिस्ट आपल्या आयांना पाठ असते. आपण बेबी शॉपमधून 'न्यूबॉर्न गिफ्ट सेट' आणतो. आत्या झबलं शिवते ते जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं. कारण नव्या कापडाला खळ असते आणि ती नाजूक कातडीला टोचते. बटण नाही, नुसते बंद. बटण तुटलं तर तोंडात जाईल. आणि शिवण? बाहेरच्या बाजूला! उलटं घातल्यासारखं दिसतं, पण आतून बाळाला काहीच घासत नाही. हल्ली परदेशी ब्रँड 'सीम्स आउटसाइड' असं छापून हेच झबलं चौपट किमतीला विकतात. जुन्या बायका बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत, अपशकुन मानतात. ते मला पटत नाही. पण जुनं लुगडं फाडून ठेवायला त्यांच्यात कुणाचीच ना नसते, म्हणजे तयारी असतेच, फक्त नवी दिसत नाही. आणि पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं आणि वर हलव्याचे दागिने. एरवी काळा रंग शुभकार्यात चालत नाही, तेवढा तो एक दिवस सोडून.

माझ्यासाठी मात्र आत्याने वेगळंच प्रकरण काढलं. ऑफिस कुर्ता. माप घेताना म्हणाली, "ताठ उभी कशाला ऱ्हातीस? हात वर कर. आता फोन कानाला लाव. आता पोरीला कडेवर घे." आणि लेक कडेवर असताना तिने माझा मुंढा, छाती आणि कंबर परत मोजली. दोन मापांत तब्बल दीड इंचाचा फरक! आत्याने दुसरं माप धरलं. "दिवसभर ताठ उभी ऱ्हाणारेस का? जशी वागतीस तसं माप."

इतक्या टेलरांकडे गेलेय, पण 'जशी वागतेस तसं माप' हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कुर्त्याला छातीवर योक, योकच्या खाली दोन उभ्या प्लेटा आणि प्लेटांच्या आत लपवलेले हूक. दूध पाजायचं असलं की हूक काढायचे, बाहेरून काही कळत नाही. बगलेत आणि कडेला एकेक इंच माया, कारण "बाळंतपणानंतरचं अंग आहे, वर्षभरात उतरेल, नाही तर भरेल. दोन्हीकडनं सोय पाहिजे." उतरेल नाही तर भरेल! किती शांतपणे म्हणाली. ना डाएट प्लॅन, ना 'परत पहिल्यासारखी हो' असा सल्ला. शरीर बदलतं, कापडाने त्याची तयारी ठेवावी, बस्स.

आणि खिसे. दोन्ही बाजूंना, फोन मावेल एवढे. बायकांच्या रेडिमेड कपड्यांना खिसे का नसतात, यावर मी एक अख्खा कॉलम लिहू शकते, पण तो पुन्हा कधीतरी.

खिशावरून विषय निघाला म्हणून मी आत्याला विचारलं, तू स्वत:साठी काय शिवलंस गं? ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "चोरखिसा." तिच्या प्रत्येक ब्लाउजला आतून, डाव्या बाजूला, एक छोटा खिसा असतो. बाहेरून दिसत नाही. बाजाराचे पैसे त्यात. सुरुवातीला ते पैसे मामांनी (आमच्या आत्याचे मिस्टर, आम्ही त्यांना मामा म्हणतो) दिलेले असायचे. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्या वर्षी जालना जिल्हा राज्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी होता. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी स्वत:च्या हाताने झाडं तोडून सरपण केलं. कापूसही हाती लागला नाही. तेव्हा घरापुरतं शिवणाऱ्या आत्याने पहिल्यांदा बाहेरचे ब्लाउज घ्यायला सुरुवात केली. फॉल-पिको, परकर, शाळेचे गणवेश. आतेबहिणीची बारावीची फी त्या मशीनवर निघाली. "तवापासून चोरखिशातले पैसे माझे हायेत," आत्या म्हणाली. मामा शेजारीच बसले होते. ते पेपरमध्ये बघत राहिले. पण हसत होते.

शहरात बसून 'सोइंग इज सो थेराप्युटिक' म्हणताना हे एवढं लक्षात ठेवावं, असं मला वाटतं. आपल्याकडे शिवण हे घरकाम, छंद आणि रोजगार या तिन्हींच्या मधोमध राहिलंय. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं तेव्हा तिथे शिवणाचे वर्ग होते ते छंद म्हणून नव्हे. विधवा, टाकलेल्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून होते. महात्मा गांधी यंत्रांच्या विरोधात, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच गांधीजींनी १९२४ मध्ये एक अपवाद जाहीरपणे सांगितला होता. कुठला? सिंगरचं शिवणयंत्र! बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. इतिहास काही तेवढा रोमँटिक नाही. सिंगरच्या आधी एलियास होवने १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं होतं आणि १८५१ मध्ये सिंगरने पेटंट घेतल्यावर दोघं कोर्टात भांडले. पण सिंगर कंपनीने मशीन हप्त्यांवर विकायला सुरुवात केली आणि ते साध्यासुध्या घरात पोचलं, हे मात्र खरं. ईएमआयचं खापर-खापरपणजोबा म्हणा!

आणि हो, मराठवाड्यात शिवणाचा विषय आणि संत नामदेवांचं नाव नाही, असं कसं होईल? हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं गाव मानतात. तेराव्या शतकातले शिंपी. आपल्या धंद्यातला गज आणि कात्री त्यांनी थेट भक्तीच्या पदांत आणली. आत्या सुई ओवताना 'विठ्ठल विठ्ठल' म्हणते. कारण विचारलं तर म्हणाली, "नजर ठरत नाही आता, म्हणून." चाळिशीनंतरचं प्रॅक्टिकल अध्यात्म!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं छान आहे, पण परवडतं का? चला, हिशोब करू. लेकीच्या फ्रॉकला सव्वा मीटर कापड लागलं, १६० रुपये मीटरने २०० रुपये. लेस, दोरा, बटणं मिळून ४०. झाले २४०. तसाच दिसणारा फ्रॉक ऑनलाइन सेलमध्ये २९९ ला. म्हणजे वाचले ५९ रुपये. आणि आत्याच्या देखरेखीखाली तो शिवायला मला लागल्या दोन दुपारी. माझ्या तासाचा दर धरला तर हा फ्रॉक मॉलमधल्या ब्रँडलाही लाजवेल. त्यामुळे 'घरी शिवा, पैसे वाचवा' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ते आपल्या आयांच्या काळात खरं होतं, कारण तेव्हा रेडिमेड महाग होतं. आता ते स्वस्त आहे.

पण स्वस्त कुणाच्या जिवावर, हेही एकदा विचारायला हवं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. ११३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. तिकडे जगभरातल्या ब्रँड्सचे कपडे शिवले जात होते. दोन दुपारी घालवून एक फ्रॉक शिवला की एक गोष्ट कायमची कळते. शर्टची कॉलर, काज, बाही बसवणं हे अजूनही माणसाचे हातच करतात. मशीन फक्त सुई वर-खाली करतं. त्यामुळे १९९ रुपयांचा शर्ट दिसला की मी आता हिशोब करते. कापडाचे एवढे, दुकानाचे एवढे, कुरिअरचे एवढे... हातांना काय उरलं?

आणि माप नावाची भानगड किती महत्त्वाची आहे, ते आपल्या राज्याने नुकतंच अनुभवलं. २०२४-२५ मध्ये सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' आणलं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समित्या गावातच गणवेश शिवून घ्यायच्या. त्याऐवजी कापड राज्यपातळीवरून आलं आणि शिवायला बचत गटांकडे गेलं. बायकांना काम मिळावं, हा हेतू चांगलाच होता. पण स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते आणि जे पोचले त्यातले बरेच कुणाला ढगळ, कुणाला तंग. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून काम परत शाळा समित्यांकडे दिलं. आत्याचं यावर एक वाक्याचं संपादकीय आहे. "पोरगं डोळ्यांपुढं नाही, मग माप कशाचं घेतलं म्हणायचं?" दोष त्या शिवणाऱ्या बायकांचा नाही, असंही ती बजावून सांगते. त्यांना आकडे मिळाले होते, पोरं नव्हती मिळाली.

आपल्या एस-एम-एलचंही तेच आहे. आपल्याकडच्या कपड्यांचे साइझ बरीच वर्षं अमेरिका-ब्रिटनच्या तक्त्यांवरून ढापलेले. निफ्टने भारतीय शरीरांची मापं घ्यायला 'इंडियासाइझ' नावाची मोहीम आखली, थ्रीडी स्कॅनरने देशभरातल्या पंचवीसेक हजार लोकांची मापं घ्यायची. चांगलंच आहे. पण आपण कडेवर पोर घेऊन स्कॅनरमध्ये उभे राहणार नाही!

आत्याकडे आठ दिवसांत शेजारच्या किती तरी बायका येऊन गेल्या आणि मी पुण्याची पत्रकार म्हटल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न. "फुकट शिलाई मशीनचा फॉर्म कुठं भरायचा?" व्हॉट्सअ‍ॅपवर अशा लिंका फिरत असतात. त्यातल्या बऱ्याचशा बोगस. आधार नंबर आणि बँकेची माहिती काढून घ्यायचा धंदा. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीकामही आहे. आधी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, मग अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, पुढे कमी व्याजाचं कर्ज. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. मी हे चार घरांत सांगितलं. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी विचारलं तर तुम्हीही सांगा, लिंक फॉरवर्ड करू नका.

बरं, कुणाला खरंच सुरुवात करायची असेल तर आत्याच्या शाळेतल्या चार गोष्टी सांगते. मशीन लगेच विकत घेऊ नका. आईचं, सासूबाईंचं, काकूचं मशीन कुठेतरी टीव्हीखाली टेबल म्हणून वापरात असतं, ते आधी शोधा. तेल घाला, पट्टा बदला, चालतं. पहिलं कापड सुती घ्या. सॅटिन, जॉर्जेट हातातून निसटतं आणि नवशिक्यांचा आत्मविश्वास घेऊन जातं. कापायच्या आधी ते धुऊन वाळवा, कारण सुती कापड आटतं आणि ते शिवल्यावर आटलं तर रडू येतं. मग उभा धागा ओळखा. कापड दोन्ही हातांत धरून ओढा, जिकडे कमी ताणेल तो उभा. कपड्याची उंची नेहमी उभ्या धाग्यावर. तिरकं कापलेलं ते उरेप, ते फक्त गळ्याच्या पट्टीला. पहिली वस्तू पोराचा नेफ्याचा पायजमा. त्यात ना मुंढा, ना बाही, ना कॉलर. दोन तुकडे, चार शिवणी, एक नाडी. शनिवारी दुपारी बसलात तर संध्याकाळी मूल तो घालून सोसायटीत फिरतं. कटिंगसाठी आत्याच्या ट्रंकेत झारापकरांचं पुस्तक आहे, पानं सुटलेलं, आकड्यांवर पेन्सिलच्या खुणा. माझी पिढी व्हिडिओ बघून शिकते. व्हिडिओ पॉज करता येतो, हे त्याचं मोठेपण. पण तो तुमच्या हाताखालून कापड काढून घेऊन 'थांब' म्हणत नाही.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच आणि माझ्याकडेही त्याचं उत्तर नाही. महिन्याला एक कपडा, यापलीकडे मी जाणार नाही. बाकीचं दुकानातूनच येणार. फक्त आता दुकानात गेले की मीही कपडा आधी उलटा करते. सेल्समन विचित्र नजरेने बघतो. बघू दे. अर्धा इंचसुद्धा माया नसेल तर मी तो परत हँगरला लावते. आणि ट्रायल रूममध्ये चेन अडली तर खुशाल म्हणते, 'हा होत नाही.'

कुर्ता घालून मी परवा एका मोठ्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेऊन आले. लिफ्टमध्ये एका अनोळखी मुलीने विचारलं, कुठल्या ब्रँडचा? मी म्हटलं, टेंभुर्णी. तिने फोनवर सर्च करायला घेतलं. मी खिशात हात घालून उभी होते.

काल आत्याचा फोन होता. संक्रांतीचं झबलं तिलाच शिवायचंय, काळं, चंद्रकोरीचं. लेक आता झबल्याच्या वयाची राहिली नाही, असं मी म्हणून बघितलं. "मग परकर-पोलकं शिवते. माप पाठव. खांदा, छाती, कंबर आन् कमरंपासून घोट्यापर्यंत. उभी करून घे, झोपलेली नको. आन् ती पळू लागली तर पळू दे, मागं जाऊन घे."